कच्च्या लिंबावर राज्य येत नाही

पुण्याला जाऊन आलो असं सांगितलं की आमच्या अमरावतीत पहिला प्रश्न येतो तो पाण्याचा. "काहो गुरुजी, कोनी पानी तरी इचारलं का तिथं?" मी सांगतो, विचारलं. चहाही दिला. वर एका खोलीत तोंड बंद ठेवायची ताकीद दिली, आणि त्या ताकिदीबद्दल मी पुणेकरांचा कायमचा उपकारबद्ध आहे. हे शेवटचं कुणालाच पटत नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसलो.

मी शाळेत खेळाचा मास्तर होतो. खो-खो, लंगडी, कबड्डी शिकवण्यात हयात गेली. मोबाइलवरचा खेळ हा प्रकार मला आधीपासूनच मंजूर नव्हता. ज्यात धाप लागत नाही, गुडघा फुटत नाही, त्याला खेळ का म्हणायचं? पण माझ्या बहिणीची मुलगी सुजाता पुण्यात असले खेळ बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करते. दिवाळी झाल्यावर तिचा फोन आला. "मामा, आम्ही मुलांसाठी लगोरी बनवतोय. तुम्ही या ना. नियम कुठं चुकले ते सांगा." लगोरीचे नियम चुकलेले मला कसे चालतील? दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं.

हडपसर

सुजाताच्या घराच्या एका खिडकीतून आयटी पार्कच्या निळ्या काचा दिसतात आणि दुसरीतून जुन्या गावठाणाची कौलं व एक म्हशींचा गोठा. सकाळी त्या गोठ्यापुढे गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेली पोरं किटल्या घेऊन उभी असतात. म्हैस आणि कॉम्प्युटर एवढ्या गुण्यागोविंदानं नांदताना मी पहिल्यांदाच पाहिले. मला हडपसर तिथंच आवडलं.

"जय भीम, मामा," म्हणत सुजातानं दारातच पिशवी हातातून घेतली. जावई कामानिमित्त चेन्नईला गेले होते. घरात ती आणि तिची सात वर्षांची लेक मैत्री, दोघीच. मैत्रीनं मला नीट न्याहाळलं आणि तासाभरात खाली पार्किंगमध्ये नेऊन उभं केलं. तिथं सोसायटीतली आठ-दहा पोरं डबा ऐसपैस खेळत होती. मी बाह्या सरसावल्या. एवढी वर्षं मैदानावर घालवलेला माणूस मी, म्हटलं दाखवू यांना.

मैत्रीनं सगळ्यांना जाहीर सांगितलं, "हे माझे आजोबा. हे कच्चा लिंबू."

ज्यांना लहानपण विसरायला झालं असेल त्यांच्यासाठी सांगतो. खेळात एखादं अगदी लहान पोर येतं, पळता येत नाही, नियम कळत नाहीत. त्याला हाकलायचं नसतं. त्याला कच्चा लिंबू करायचं. तो सगळ्यांबरोबर पळतो, लपतो, ओरडतो. पण तो बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. नाव गावोगावी वेगळं असेल, नियम सगळीकडे हाच. हा कुणी मास्तरानं शिकवलेला नाही. मी तर कधीच शिकवला नव्हता.

मला राग आला हे कबूल करतो. पण एका चारचाकीमागे लपताना कंबर अशी धरली की पुढचा वेळ मी बोनेटला टेकूनच काढला. पोरं मधूनमधून येऊन मला शोधल्याचं नाटक करत होती आणि सोडून देत होती. थोड्या वेळानं लक्षात आलं, मला मजा येतेय.

रात्रीच्या जेवणाला सुजातानं झुणका, भाकरी आणि मिरचीचा ठेचा केला होता. पुण्यात राहूनही तिनं आमटीत गूळ घालायला सुरुवात केलेली नाही, याचं मला समाधान वाटलं. मैत्री मात्र जेवेना. ताट पुढं, डोळे भरलेले. विचारलं तर तिनं आईचा मोबाइल दाखवला. त्यात एक गुबगुबीत ससा रडत बसला होता. मैत्रीनं त्याचं नाव बंटी ठेवलं होतं. बंटीला गाजर हवं होतं, फुकटची गाजरं संपली होती आणि पुढची आईनं पैसे भरले तरच मिळणार होती.

"आजोबा, मी कशी जेवू?" ती म्हणाली. "तो उपाशी आहे ना."

मी तिला समजावायला गेलो की ते चित्र आहे. सुजातानं मला डोळ्यानं थांबवलं. मैत्रीला जवळ घेऊन तिनं अर्धी भाकरी कशीबशी भरवली. मग ती मला म्हणाली, "मामा, हे रडणं मुद्दाम बसवलेलं आहे. ते बरोबर जेवायच्या वेळेला येतं. तेव्हा मूल आणि मोबाइलवाली आई एकाच ठिकाणी असतात. हे कसं करतात ते मला माहीत आहे. आता आमच्या लगोरीतही असलंच काही घाला म्हणताहेत."

मग तिनं सगळं सांगितलं. लगोरी बनवायला बाहेरच्या एका कंपनीनं भांडवल दिलं होतं. त्या कंपनीचा रोहन नावाचा तरुण इथं येऊन बसला होता. त्याचं म्हणणं, मूल बाद झालं की पडद्यावर त्याचे मित्र हिरमुसलेले दाखवायचे आणि खाली बटण ठेवायचं: नवा जीव विकत घे. सोमवारी बैठकीत ते ठरणार होतं. नाही म्हटलं तर भांडवल जाणार आणि तिनं एकेक माणूस जमवून उभा केलेला गट मोडणार. हो म्हटलं तर तिच्या हातानं कुणाच्या तरी घरी, कुणाच्या तरी मैत्रीचं ताट तसंच राहणार. मला नियम बघायला बोलावलं होतं हे खरंच. पण पोरीला जवळ घरचं माणूसही हवं होतं, हे मला तेव्हा कळलं.

मंडई

मैत्रीची दिवाळीची सुट्टी अजून संपली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मंडईत गेलो. आमच्याकडचा बाजार म्हणजे भांडणाचा आवाज. इथं दगडी इमारतीच्या आत गाळे मांडलेले, आणि विक्रेते भाजीपेक्षा शब्द जपून देणारे. मी वांगी दाबून पाहिली तर गाळेवाले गृहस्थ म्हणाले, "वांगी आहेत. नाडी बघू नका." मी गपचूप घेतली. चवीला उत्तम निघाली. पुण्याचं एक असं आहे, माल चोख आणि जीभ त्याहून चोख.

मैत्री गाजरांच्या ढिगाशी थांबली होती. पाल्यासकट लांब लाल गाजरं. विकणाऱ्या बाईंनी विचारलं, "काय ग, हलवा करणार?" मैत्रीनं सांगितलं, माझ्या सशाला हवीत. बाईंनी दोन गाजरं निवडून तिच्या हातात ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. मुक्या जनावराच्या खाण्याचे मी घेत नाही, म्हणाल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, कुठला ससा ते.

घरी आल्यावर मी चहा टाकला. बाहेर येऊन पाहतो तो मैत्री जमिनीवर बसलेली. मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला होता आणि ती गाजर त्याच्या काचेला लावून धरत होती. एकदा टोकाकडून, एकदा पाल्याकडून. "खा ना बंटी," म्हणत होती. ससा आपला रडतोच आहे. सुजाता लवकर घरी आली होती. ती दारात उभी राहून हे पाहत होती. चपलाही काढल्या नव्हत्या.

मी आयुष्यात पुष्कळ रडकी पोरं पाहिली. पडलेली, हरलेली, मार खाल्लेली. पण खायला घालूनही पोट न भरणाऱ्या सशापुढे बसलेलं मूल मी पाहिलं नव्हतं. माझं डोकं सणकलं. तो मोबाइल गॅलरीतून खाली भिरकावून द्यावा असं वाटलं. सुजातानं तसं काही केलं नाही. ती लेकीशेजारी बसली आणि दुसरं गाजर दोघींनी मिळून खाल्लं.

शनिवार, कंपनीत

सुजाताच्या कंपनीचे मालक सबनीस. परदेशी कंपन्यांसाठी दारं उघडली त्या काळात बँकेतली कायमची नोकरी सोडून या माणसानं हिशेबाची सॉफ्टवेअरं करायला घेतली आणि पुढं ते खेळांकडे वळले. किडकिडीत, पांढरा शर्ट, नाकावर घसरलेला चष्मा. ऑफिसभर त्यांच्या हातच्या पाट्या. कॉफीच्या मशिनवर: 'कप धुवायला आपली आई इथे नोकरीस नाही.' बैठकीच्या खोलीवर: 'मुद्दा संपला असल्यास उठावे.' आधी मला हा खडूसपणा वाटला. दुपारी कँटीनमध्ये मी मटकीच्या उसळीवर तर्री मागितली, तर वाढणाऱ्या मुलानं मला समोरची पाटी दाखवली: 'आहे तेच चांगले आहे.' उसळीत गूळ होता. मला ती पाटी पटली नाही.

पण त्यांची एक रीत मला फार भावली. मुलांचा कोणताही खेळ बाहेर काढण्याआधी शनिवारी आसपासची मुलं बोलावतात, सतरंजी अंथरतात, हातात टॅब देतात आणि मोठी माणसं भिंतीला पाठ लावून गप्प बसतात. मुलांना सांगायचं नाही, हसायचं नाही, मान हलवायची नाही. मुलं जे करतील ते खरं. त्या खोलीच्या दारावर पाटी होती: 'चपला व शहाणपण बाहेर काढून ठेवावे.'

मी चपला काढल्या. शहाणपण राहिलं. खेळ सुरू होऊन मिनिटभरही झालं नसेल, एका पोरीची लगोरी रचायची राहिली आणि माझ्या तोंडून गेलं, "अगं, डावीकडून पळ!" सबनीस माझ्याकडे वळले. "गुरुजी, आपल्याला पाटी वाचता येते ना?" इतकंच म्हणाले. एवढ्या वर्षांत मला शाळेच्या इन्स्पेक्टरनंही गप्प केलं नव्हतं. मी हाताची घडी घातली ती शेवटपर्यंत.

खेळ मात्र झकास केला होता, हे मी मनातल्या मनात मान्य करून टाकलं. सपाट दगडांची उतरंड, चेंडू लागल्यावर उडालेली धूळ, रचून झाल्यावरची आरोळी, सगळं जिथल्या तिथं. नियम कुठंही चुकला नव्हता. रोहन कोपऱ्यात बसून टिपणं घेत होता. 'नवा जीव विकत घे' हे बटणही त्या दिवशी चाचणीपुरतं घातलं होतं आणि मुलांना खोटी नाणी दिली होती.

गावठाणातली काजल नावाची दहा वर्षांची मुलगी आली होती. आई बाजारात, म्हणून पाच वर्षांच्या धाकट्या बहिणीला, गौरीला, तिनं कडेवर आणलं होतं. गौरीला बोलावलेलं नव्हतं. पण ती हिरमुसायला नको म्हणून सुजातानं एक जादा टॅब दिला. तिला नाणी द्यायचं तेवढं कुणाच्या लक्षात आलं नाही. गौरीनं खेळात पाऊल टाकलं आणि पहिलाच चेंडू तिला लागला. पडद्यावर उदास चेहरे आले. तिनं बटण दाबलं. नाणी नाहीत. पुन्हा दाबलं. मग तिनं टॅब बहिणीकडे वळवला आणि ओठ काढला.

काजलनं पाहिलं आणि तिला विशेष काही वाटलंच नाही. साधी चूक दुरुस्त करावी तशी ती टॅबकडे बघून म्हणाली, "ही कच्चा लिंबू हाय. हिला औट नसतं."

टॅबवर काहीच झालं नाही. काजलनं मूठ वर केली आणि 'टाइम प्लीज' म्हणाली. मग सतरंजीवरच्या एकेका मुलाची मूठ वर गेली. सोसायटीतली पोरं काय, गावठाणातली काय, एकमेकांची नावंही माहीत नसलेली ती मुलं. सगळ्यांनी टॅब पालथे घातले आणि वाट बघत बसली. खेळानं आपली चूक सुधारावी, गौरीला आत घ्यावं, मग पुढं. इतकं सरळ.

रोहनला राहवलं नाही. भला मुलगा होता तो, मनानं वाईट नव्हता. तो पुढं वाकून म्हणाला, "डोंट वरी, मी तिला कॉइन्स देतो. फ्रीमध्ये."

काजलनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं मी एखाद्या नियम न कळणाऱ्या पंचाकडे पाहायचो. "नाणी नको," ती म्हणाली. "तिला इकत कशाला घ्यायचं? ती आमच्यात हायच."

सुजातानं मान खाली घातली. शहाणपण बाहेर काढून ठेवायचं असतं ते का, हे मला त्या क्षणी समजलं. आम्ही बोलत राहिलो असतो तर हे वाक्य ऐकायलाच मिळालं नसतं.

त्या संध्याकाळी सुजाता टेबलाशी बसून बोलत होती आणि मी भेंडी चिरत होतो. तिनं ठरवलं होतं. लगोरीत येणारं प्रत्येक लहान मूल कच्चा लिंबू असणार. ते सगळ्यांबरोबर खेळेल, पण त्याला काही विकायचं नाही, जाहिरात दाखवायची नाही, अनोळखी माणसानं त्याच्याशी बोलायचं नाही, त्याची माहिती साठवायची नाही. "मुलाला खेळायचा हक्क आहे, मामा," ती म्हणाली, "त्यासाठी त्याला आधी गिऱ्हाईक व्हायला लागू नये." मग म्हणाली, तिला भीती वाटते. गटातल्या दोघांची लग्नं तोंडावर आली आहेत.

रविवारी दोघी मायलेकींनी मिळून बंटीचा खेळ काढून टाकला. मैत्रीनं बटण दाबण्याआधी एकच विचारलं, आता त्याला भूक लागणार नाही ना? सुजाता म्हणाली, नाही लागणार.

कात्रज

सोमवारी सुजाता बैठकीला गेली आणि मी मैत्रीला घेऊन कात्रजला. घरी बसलो असतो तर जीव टांगणीला लागला असता. प्राणी छान ठेवले आहेत, झाडी दाट आहे, आणि सर्पोद्यानात नागापुढे उभं राहून मैत्रीनं मला सापांबद्दल एवढं सांगितलं की नागही कंटाळून आत गेला.

बाहेर पडताना फाटकाशी एक फुगेवाला पिपाणी वाजवत उभा होता. पिपाणी ऐकताच मैत्रीनं माझा हात ओढला. मी एक फुगा घेतला. तिनं दुसरा मागितला, मी नाही म्हटलं. तिनं थोडं तोंड फुगवलं, फुगेवाला हसून दुसऱ्या मुलाकडे वळला, संपलं. मी तिथंच कठड्यावर बसलो आणि विचार करत राहिलो. हा माणूस फाटकाबाहेर उभा आहे. तो दिसतो. त्याला नाही म्हणता येतं. तो पिंजऱ्यात शिरून माकडाला रडायला लावत नाही. यात त्याचा चांगुलपणा किती आणि फाटकाचा किती, कोण जाणे. पण फाटक हवं हे नक्की.

डेअरीचं गार दूध पीत असताना सुजाताचा फोन आला. आवाजावरून मला काहीच कळेना.

तिनं सांगितलं ते असं. तिनं आपलं म्हणणं मांडलं. रोहननं आपलं मांडलं; तो म्हणाला, शनिवारचं त्यालाही लागलं आहे, पण वरच्यांना नफा दाखवावा लागतो. सबनीस ऐकत राहिले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आमची पेठेतली दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात म्हणून जग आम्हाला हसतं. हसू दे. बंद म्हणजे बंद, गिऱ्हाईक केवढंही असो. मुलांच्या बाजूचं दुकान तसं बंद समजा." उठता उठता त्यांनी एवढीच भर घातली, "फक्त हे चार वाजता उघडायचं नाही."

मी भर रस्त्यात "शाब्बास" म्हणालो. दोन रिक्षावाल्यांनी वळून पाहिलं.

सुजाता मात्र फोनवर रडायला लागली. बाहेरच्या कंपनीनं हात काढून घेतला होता. गटातली माणसं सबनीसांनी कामावरून काढली नाहीत, पण ती आता एका दवाखान्याच्या बिलांच्या कामावर जाणार होती. तीही. लगोरी उरलेल्या वेळात, जमेल तशी. "मी बरोबर केलं ना, मामा?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "पोरी, तुझ्या मायलाही मी कधी एवढं मानलं नसेल." माझ्यासारख्या माणसाकडून हे फार झालं.

दुसऱ्या दिवशी निघताना मी सबनीसांचा निरोप घ्यायला गेलो. भारावून काहीतरी बोलायला लागलो तर म्हणाले, "अहो गुरुजी, आपली गाडी चुकेल." मग स्वतः खाली येऊन रिक्षा ठरवून दिली.

अमरावती

परत येऊन बरेच महिने झाले. मी पुण्याचं कौतुक करतो आणि लोक मला हसतात. सुजाताचा फोन येतो. दिवसा बिलं, संध्याकाळी लगोरी.

परवा तिचा निरोप आला, खेळ तयार आहे, बघा. अंगणात शेजारची पोरं जमली होती, माझी चार वर्षांची नात सान्वीही. खेळानं वय विचारलं तिथं मी चार टाकलं आणि माझा मोबाइल तिच्या हातात दिला. ज्यांना घरचे मोबाइल मिळाले ती मोठी पोरं तिच्याभोवती बसली. दगड रचले, चेंडू सुटला. सान्वीला काय कळतंय? ती उभी राहिली दगडांच्या मधोमध आणि चेंडू बरोबर तिच्या कपाळावर बसला. मी हाताची घडी घातली. सवयच तशी लागली होती.

उदास चेहरे आले नाहीत. बटण आलं नाही. पडद्यावर एक लाकडी पाटी उतरली. अक्षर मी लगेच ओळखलं.

'हा कच्चा लिंबू आहे. याच्यावर राज्य येत नाही. यास काहीही विकण्याचा प्रयत्न करू नये. खेळ चालू ठेवावा.'

पोरांनी पाटी वाचली, त्यांना त्यात नवल असं काही दिसलं नाही. सान्वी खेळत राहिली.